पाण्यापर्यंत

मुक्कामी गाडी घोडेगावच्या पुढच्या त्या लहानशा गावात शिरली तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते. शेवटची उतारू एक म्हातारी होती. तिचं गाठोडं खाली देता देता कंडक्टर मच्छिंद्र हसून म्हणाला, "मावशी, कधीतरी या आमच्याकडं जेवायला. घर काय, पुसत पुसत या."

म्हातारी तोंडभर आशीर्वाद देत अंधारात निघून गेली. ड्रायव्हर भिमाजी मात्र जागेवरून उठला नाही.

"मच्छिंद्रा, वळख न्हाई, पाळख न्हाई, असं कुनाला जेवायला सांगत जाऊ न्हाई."

"का वं दादा? ती काय खरंच येतीय व्हय?"

"आली मंजे?"

मच्छिंद्र हसला, पण भिमाजी हसला नाही. पुढं भाकरी खाऊन दोघं चावडीच्या ओट्यावर टेकले. गावातला छगन आणि त्याच्या बरोबरीची दोन-तीन पोरं रोजच्यासारखी येऊन बसली. दिवे गेलेले होते. मार्च महिना होता, पण वारं गार सुटलं होतं. मच्छिंद्रानं मघाचं बोलणं पुन्हा काढलं, तसा भिमाजीनं विडीचा शेवटचा झुरका घेतला आणि ती ओट्यावर घासून विझवली.

"पुनतांब्याच्या एक बाई हायेत. मला राखी बांधत्यात. अजून तीन म्हयनं झालं न्हाईत या गोष्टीला. थोडं म्या सोता बघितलं, बाकीचं त्यांनी सांगितलं. सांगताना माझा हात सोडला न्हाई त्यांनी. आता सांगतो, पन मधी कुनी बोलायचं न्हाई."

मग त्यानं जे सांगितलं ते असं.

नीलांबरी म्हणजे पुणतांब्याच्या शाळेतल्या सुमंत गुरुजींची बायको. देवाधर्माची, व्रतावैकल्यांची. घरात सासूबाई होत्या; सगळं गाव त्यांना आक्का म्हणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण आवाजावरून माणूस ओळखायच्या. आणि पुष्पी. पुष्पावती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली लेक. त्या डिसेंबरात तीन वर्षांची होती. नीलांबरीनं तिच्यासाठी एकही व्रत करायचं ठेवलं नव्हतं, आणि झाल्यावर एकही सोडलं नव्हतं.

बहात्तर साल. दुष्काळ. पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, गोदावरीची नुसती वाळू उरली होती, आणि रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळत होता. अशा दिवसांत शाळेतल्या शिक्षकांनी नाताळच्या सुट्टीत बायकामुलांसकट अलिबागची सहल काढली. रात्रभर प्रवास, दिवसभर समुद्रातले किल्ले बघायचे, आणि पुन्हा रात्रभर प्रवास. गावानं नाकं मुरडली, पण पैसे भरून झाले होते आणि गाडी ठरली होती. गाडीवर ड्रायव्हर भिमाजी.

निघताना आक्कांनी सुनेच्या हातात पिशवी दिली. तिच्यात खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकवाचा करंडा होता.

"समुद्राची ओटी भर," आक्का म्हणाल्या. "आणि म्हणावं, तुझ्यापाशी इतकं आहे, त्यातलं थोडं ढगात घाल आणि आमच्याकडे लावून दे."

गाडीत शेजारी प्रेमला बसली होती. तीही एका गुरुजींची बायको, आणि जिभेनं जरा तिखट. "समुद्राची ओटी?" ती म्हणाली. "बाई बाई! आमच्या पोटाला मिलो, आणि खण समुद्राला!"

"आक्कांनी सांगितलंय," नीलांबरी म्हणाली.

"मग काय! आक्कांनी सांगितलं तर तू चंद्राचीही भरशील."

सगळी गाडी हसली. नीलांबरीही हसली.

सकाळी साडेनऊला सगळी मंडळी किनाऱ्यावर उभी होती. कोणीच कधी समुद्र बघितलेला नव्हता. आणि गंमत म्हणजे समोर पाणी नव्हतंच. ओहोटी लागलेली. ओल्या वाळूतून, खडकांमधून चालत थेट किल्ल्यापर्यंत जाता येत होतं. मोठा कुलाबा किल्ला, आणि त्याला लागून, दगडांच्या वाटेनं जोडलेला एक लहान कोट. वाट दाखवायला एक म्हातारा कोळी घेतला होता. त्यानं बजावलं, "बाराच्या आत सगल्यांनी भाईर यायचं. पाणी भरलं की ते तुमचं नाय, आमचं पण नाय."

नीलांबरीनं ओहोटीच्या कडेला समुद्राची ओटी भरली. आक्कांनी सांगितलं होतं ते शब्दाला शब्द म्हटलं. मूठभर तांदूळ आणि करंडा उरला, तो तिनं पिशवीत ठेवला.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ होतं. तिथं दर्शन झालं. मग सुमंत गुरुजींनी बुरुजावर उभं राहून आरमाराचा इतिहास सांगायला घेतला, आणि मुलं पेंगायला लागली. पुष्पीला शंख वेचायचे होते. नीलांबरी तिला घेऊन दगडांच्या वाटेनं पलीकडच्या लहान कोटात गेली. तिथं कोणी नव्हतं. नुसत्या भिंती, आणि भिंतींच्या आत वाढलेलं गवत.

आणि एका पायरीवर बसलेली बाई.

हिरवं लुगडं, पण काठाला मिठाची पांढरी पापडी धरलेली. हातात हिरवा चुडा. गळ्यात काळे मणी. कपाळ मात्र मोकळं. पायऱ्या खाली पाण्यात उतरत होत्या, आणि तिचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात होते.

"कुठली गो तू?" बाईनं विचारलं.

"देशावरची. पुणतांब्याची." नीलांबरी जवळ गेली. सवाष्णीचं मोकळं कपाळ तिला बघवलं नाही. "तुमचं कुंकू पुसलं गेलंय. लावू का?"

"लाव. किती दिवसांत कोणी लावलं नाही."

नीलांबरीनं हळद लावली, कुंकू लावलं. कपाळ थंडगार होतं. कुंकू ठरेना, ओघळून नाकापर्यंत आलं. तिनं पुन्हा लावलं, तेही ओघळलं. उरलेल्या तांदळांनी तिनं तिची ओटी भरली.

"मालक कुठं असतात?"

"तांडेल आहेत. गलबत घेऊन गेलेत. येतील." बाई पाण्याकडे बघत होती. "लोक म्हणतात, येणार नाहीत. म्हणून मला कोणी सवाष्ण सांगत नाही. कोणाच्या घरी माझं पान मांडत नाहीत."

नीलांबरीला गलबलून आलं. तोंडातून शब्द निघून गेला. "आमच्याकडे या ना. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी. सवाष्ण म्हणून जेवायला या. पुणतांब्यात नदीच्या घाटाला लागून आमचं घर आहे. आक्कांचं घर म्हणून कोणीही दाखवील."

आपण बोलावतोच की सगळ्यांना. दोनशे मैलांवरून कोण येतंय? पण बोलावण्यात गोडी असते, एवढंच तिच्या मनात होतं.

बाईनं मान वळवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं.

"सवाष्ण सांगितलीस?"

"सांगितली."

"माझ्याआधी कोणी जेवायचं नाही."

"छे! सवाष्णीआधी घरचे कसे जेवतील?"

"आणि परत निघाले की अंधार पडलेला असेल. मला पोचवायला कोण येईल?"

आपल्याकडे बायका हळदीकुंकवाला येतात, उशीर होतो, मग घरातलं एखादं पोर कंदील घेऊन सोबतीला जातं. नीलांबरीनं हसत पुष्पीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही येईल की! काय गं पुष्पे, मावशीला पोचवायला जाशील ना?"

पुष्पीनं मान हलवली. एरवी परक्या माणसाला बघून आईच्या पदरात तोंड खुपसणारी पोर सरळ पुढं गेली आणि बाईच्या मांडीला टेकून उभी राहिली.

"एवढीच होती माझी," बाई म्हणाली. मग विचारलं, "शब्द दिलास?"

"दिला की."

तेवढ्यात मागून भिमाजीची हाक आली. "ताई! अवो ताई! पानी चढाया लागलंय!" नीलांबरीनं पुष्पीला उचललं आणि ती धावली. दगडांच्या वाटेवर पाणी आलं होतं. किनाऱ्याकडे येईपर्यंत ते गुडघ्याला लागलं. अर्ध्या वाटेत तिला आठवलं. ती कोळ्याला म्हणाली, "बाबा, तिकडे एक बाई राहिलीय. त्या लहान कोटात."

कोळ्यानं वळून बघितलं नाही. चालण्याचा वेग वाढवला.

"बाबा..."

"तिच्याशी बोललीस?"

"हो..."

"काय कबूल केलंस?"

नीलांबरीनं पुष्पीला घट्ट धरलं. कोळ्यानं पुष्पीकडे बघितलं. किनाऱ्यावर त्यानं ठरलेले पैसेही घेतले नाहीत. "जा तुमी," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता.

परतीच्या वाटेवर नीलांबरीनं कोणालाच काही सांगितलं नाही. पुढं दहा दिवस गेले. माणूस विसरतं. तीही विसरायला लागली.

चार जानेवारी, त्र्याहत्तर साल. गुरुवार. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि नेमकी अमावास्या.

"अमावास्येला कसलं आलंय उद्यापन!" प्रेमला दुपारीच म्हणाली होती. सवाष्ण म्हणून तिलाच सांगितलेलं होतं. आक्का म्हणाल्या, "लक्ष्मीला तिथी विचारून भूक लागत नाही. तू ये."

संध्याकाळी घट मांडला, कहाणी वाचली, आरती झाली. पुरणाची पोळी, कटाची आमटी, भात. दुष्काळातही आक्कांनी डाळ राखून ठेवली होती. सुमंत गुरुजी बैठकीला नगरला गेले होते, ते मुक्कामी गाडीनं यायचे होते. ती गाडी भिमाजीच आणत होता. यायला साडेदहा तरी व्हायचे.

साडेसातला पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी काढली. पुष्पीला आधीच भूक लागली होती, ती तशीच रडून झोपी गेली. आठ वाजता शेजारच्या बनुबाई दारात आल्या.

"ताई, त्या प्रेमलाबाईंनी निरोप दिलाय. त्या बाजूला बसल्यात. येनं हुनार न्हाई."

"अगं बाई! मग तुम्ही बसता का, बनुबाई? पाट रिकामा राहिला."

"आमी कशा बसू? घरात सुतक हाय न्हवं." बनुबाई चुटपुटत निघून गेल्या.

आक्का पाटाजवळ बसून होत्या. "येईल कोणीतरी," त्या म्हणाल्या. "मांडलेलं पान रिकामं राहत नाही."

भिंतीवरचं घड्याळ पावणेनऊला आलं. बाहेर कुत्री भुंकत होती. मग एकदम गप्प झाली. सगळी.

दारात आवाज आला. "सांगितलं होतंस ना? आले."

नीलांबरीच्या हातातली पळी खाली पडली.

आक्का मात्र उजळल्या. "या, या! कोण बाई? आवाज ओळखीचा नाही. लांबून आलात वाटतं?"

"लांबून."

"अगं नीलांबरी, पायावर पाणी घाल त्यांच्या."

नीलांबरीनं तांब्या उचलला. उंबऱ्याशी गेली. बाईचे पाय आधीच ओले होते. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. रांगोळीवरून ती चालत गेली आणि पाटावर बसली. कपाळावर कुंकवाचा ओघळ. तोच. नाकापर्यंत आलेला.

नीलांबरी वाढत गेली. बाई जेवत गेली. बोलली फक्त एकदा. ताटातल्या मिठाकडे बोट करून म्हणाली, "हे काढ."

मग नुसतं, "वाढ."

पोळ्या संपल्या. "वाढ."

भात संपला. "वाढ."

आमटीचं पातेलं रिकामं झालं. घरच्यांसाठी राखलेलं होतं तेही संपलं. बाईचे डोळे ताटावर नव्हतेच. ते आतल्या खोलीच्या दाराकडे होते. तिथं पुष्पी झोपली होती.

नीलांबरीनं देवघराकडे बघितलं. समईची ज्योत हलत नव्हती. तिनं मनातल्या मनात लक्ष्मीला विचारलं, तूच पाठवलीस का गं? आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. लक्ष्मीनं नाही. आपणच बोलावली होती.

जेवण झालं. विडा दिला. ओटी भरली. तांदूळ जमिनीवर सांडत होते. बाई उठली.

"चला. पोचवायला कोण येतंय?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. पुष्पी उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. पायात चपला. तीन वर्षांची पोर. तिला चपलेचा पट्टा कधी लावता येत नसे. आता दोन्ही पट्टे लावलेले होते.

"मावशी, मी येते."

"नाही!" नीलांबरीनं तिला ओढून छातीशी धरलं.

"शब्द दिला होतास," बाई म्हणाली. आवाज चढला नाही. पण घरातली हवा गार झाली. "पान मांडलंस. जेवू घातलंस. आता शब्द पाळ."

"माझं चुकलं... मी थट्टेनं..."

"मी थट्टेनं जेवले?"

आक्कांना दिसत नव्हतं, पण त्यांनी दोन्ही हात पसरले आणि पुष्पीला नीलांबरीकडून आपल्याकडे घेतलं. घट्ट धरलं. मग अगदी शांतपणे बोलल्या, जसं एखाद्या विहीणबाईंशी बोलावं तसं.

"पाहुण्या बाई, सुनेला रीत ठाऊक नाही, म्हणून चुकली. पोर पोचवायला जातं ते गल्लीतल्या गल्लीत. परगावच्या सवाष्णीला घरच्या बाईनं पोचवायचं असतं. पोराबरोबर परत पाठवणं हा तुमचा अपमान होईल. सून येईल तुम्हाला पोचवायला."

बाई आक्कांकडे बघत राहिली.

"कुठवर?"

"पाण्यापर्यंत. आमच्या घरचे सगळे पाहुणे पाण्यापर्यंत पोचवतात. पाणी आलं की निरोप घ्यायचा आणि पाठ फिरवायची. तुम्ही समुद्राकाठच्या. तुम्हाला हे सांगायला नको."

"पाण्यापर्यंत," बाई म्हणाली. आणि हसली.

नीलांबरीनं कंदील घेतला. करंडा कमरेला खोचला. आक्कांनी तिला वाकून नमस्कारही करू दिला नाही. "जा," म्हणाल्या. "पाणी दिसलं की वळ. तोवर वळू नकोस, अर्धवट सोडलेली पाहुणी परत येते."

घराच्या मागं घाट. घाटाच्या पायऱ्या. बाई पुढं, नीलांबरी मागं.

शेवटच्या पायरीवर नीलांबरीचा पाय अडखळला. तिथं पाणी असायचं. लहानपणापासून सगळे तिथं आंघोळ करायचे. आता वाळू. कंदिलाच्या उजेडात, दिसेल तिथवर वाळू.

दुष्काळ. नदीला पाणी नव्हतं.

बाई का हसली, ते तिला तेव्हा कळलं.

"चल," बाई म्हणाली. "पुढं आहे पाणी."

"कुठं?"

"आहे. पुढं."

त्या चालत राहिल्या. वळायचं नाही. पाणी दिसल्याशिवाय वळायचं नाही. मागं गाव होतं. मागं पुष्पी होती. वळलं तर ही परत येईल. घरी येईल. पुन्हा दारात उभी राहील, पुन्हा म्हणेल, पोचवायला कोण येतंय.

किती चाललो, कळेना. तिचे पाय भरून आले. वाळू आधी भुसभुशीत होती. मग घट्ट लागायला लागली. मग गार. मग ओली.

वास आला. मासळीचा. शेवाळाचा.

आवाज यायला लागला. लांबून. मोठा श्वास घेतल्यासारखा. सोडल्यासारखा.

बाईचा हात तिच्या मनगटावर होता. कधी धरला, ते कळलं नव्हतं.

"आलंच," बाई म्हणाली.

वाळूवर सुरकुत्या दिसत होत्या. ओहोटीनं पडतात तशा. तिनं त्या एकदाच बघितल्या होत्या. तिथं.

"आलंच..."

राम... राम...

श्वासाचा आवाज जवळ आला. अगदी पुढ्यात.

आणि नीलांबरीचा उजवा पाय खाली गेला. एकदम. ती गुडघ्यापर्यंत खड्ड्यात कोसळली. कंदील आडवा पडला, पण विझला नाही. उजेडात दिसलं. वाळूत खणलेला खड्डा होता. कडेला फुटकं घमेलं. बनुबाईंचं. गावच्या बायका असे झिरे खणत आणि वाटीवाटीनं घागर भरत. अर्धी रात्र एका घागरीला लागे.

तिनं हात खाली घातला. तळाशी बोटं ओली झाली. ओंजळभर. त्याहून जास्त नाही.

"पाणी," ती म्हणाली.

मनगटावरचा हात घट्ट झाला. "हे?"

"हे पाणी."

"एवढंसं?"

"एवढंसंच आहे आमच्याकडे." नीलांबरी रडत होती. तिला नंतर आठवलं, आपण भीतीनं रडत नव्हतो. "याच्यावर आम्ही जगतो. माझी लेक याच्यावर जगते. हे पाणी नसेल, तर मग पाणी कशाला म्हणायचं?"

नीलांबरीनं मोकळ्या हातानं करंडा काढला. झिऱ्याच्या पाण्याला हळद वाहिली. कुंकू वाहिलं. "गंगामाई," म्हणाली. मग बाईकडे बघून हात जोडायला गेली, तर दोन्ही हात मोकळे होते.

"सवाष्णबाई, पाणी आलं. इथवर पोचवलं. आता या."

समुद्राचा आवाज थांबला होता.

"...वळ," बाई म्हणाली.

नीलांबरी वळली. कंदील उचलायचं भान राहिलं नाही. एक पाऊल. दुसरं. मागं आवाज झाला.

पाण्यात पाय टाकल्याचा.

मग दुसरा. खाली. आणखी खाली. एक एक पायरी कोणीतरी उतरत होतं. चुडा वाजत होता. पाणी कमरेला लागल्याचा आवाज. गळ्याला लागल्याचा...

झिरा गुडघाभर खोल होता.

ती पळाली.

मुक्कामी गाडी उतरली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. सुमंत गुरुजी आणि भिमाजी बरोबरच घराकडे आले. दार सताड उघडं. आक्का पाटाशेजारी बसलेल्या, मांडीवर पुष्पी, तोंडानं स्तोत्र चाललेलं. "नदीकडे बघा," एवढंच त्या म्हणाल्या. दोघं घाटावर धावले. वाळूत एक उजेड होता. त्या उजेडाकडून नीलांबरी येत होती, आणि तिच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत वाळू लागलेली होती.

ती म्हणाली, मैलोन् मैल चालले. कंदील घाटापासून चाळीस पावलांवर पडला होता. भिमाजीनं स्वतः मोजली.

पुष्पीला रात्री ताप भरला आणि पहाटे उतरला. सकाळी उठल्याबरोबर तिनं भाकरी मागितली. नीलांबरीनं तिला पोटाशी धरून इतकी खाऊ घातली की आक्का रागावल्या. पोर आता ठणठणीत आहे. हसते, खेळते, भांडते. त्या घरात अजूनही दर गुरुवारी दिवा लागतो, आणि नीलांबरी म्हणते, देवीनं त्या रात्री पायाखालीच पाणी ठेवलं. तिचा विश्वास ढळलेला नाही.

भिमाजी थांबला. छगननं हळूच विचारलं, "मंग दादा... संपलं ना सगळं?"

"संपलं आसंल," भिमाजी म्हणाला. "गेल्या आठवड्यात माझा मुक्काम पुनतांब्याला हुता. गुर्जींनी मला नदीवर नेलं. म्हनले, भिमाजी, तू बघ, माझ्या डोळ्यांवर माझा इश्वास न्हाई."

"काय बघितलं?"

"त्यो झिरा. आजूबाजूचे समदे झिरे आटल्यात, त्यो एक भरलेला हाय. गोडं पानी. बनुबाई रोज घागरी भरतीया. पन त्यो सारखा भरलेला नसतोय. सकाळी बघितलं तर काठोकाठ. दुपारपातूर तळाला जातोय. सांच्याला पुन्ना काठोकाठ. रोज दोनदा चढतोय, दोनदा उतरतोय, त्या समुद्रावानी. गुर्जी दीड म्हयना टाइम लिव्हीत बसलेत. रोज पाऊन तास म्होरं सरकतोय, चुकत न्हाई."

मच्छिंद्र पुढं सरकून बसला.

"आन पानी उतारलं की वाळूत वल ऱ्हाती. चारी बाजूनं ऱ्हायला पायजे, का न्हाई? न्हाई ऱ्हात. एकाच बाजूला ऱ्हाती." भिमाजीनं अंधारात हात पुढं केला आणि जमिनीवर एक रेघ ओढली. "घाटाच्या बाजूला. गुर्जींनी रोज एक काटकी रोवलीया, वल जितवर आली तितवर. म्या मोजल्या. एकुनपन्नास काटक्या हुत्या... आन समद्या घराकडं चालल्यात."